दाराशी कोण झोपणार

दिवाणखान्यात तंबू ठोकायचा म्हणजे सोफा पॅसेजमध्ये जाणार, आणि सोफा पॅसेजमध्ये गेला की स्वयंपाकघरात जायचं तर पोट आत ओढून, अंग चोरून जावं लागणार. त्या घराला याची सवय होती. कुठल्याही सहलीआधी घरात रंगीत तालीम व्हायचीच, हा कप्तानांचा नियम. कप्तान म्हणजे घरातले बाबा. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली, जहाजाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण डोंगराच्या पायथ्याशी, नदीकाठी मुक्काम म्हटलं की त्यांच्या अंगात कप्तान संचारायचा.

यंदा मात्र गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि सहल ठरवत होती त्यांची लेक, ठकी.

कप्तान खुर्चीत बसून सगळं बघत होते. 'बाबा, तुम्ही येताय ना?' एवढंच कुणीतरी विचारावं, बाकी काही नको होतं त्यांना. आपण होऊन विचारतील तर ते कप्तान कसले! आणि ही पोरगी विचारायचं नावच घेईना.

तिनं जमिनीवर नकाशा पसरला होता आणि नवऱ्याला समजावत होती. "इथे दोन नद्या मिळतात. खालची वाळू दिसायला झकास, पण तिथे नाही उतरायचं. वर डोंगरात पाऊस झाला तर पाणी कधी येईल, नेम नाही. आपण या वरच्या टप्प्यावर."

"आणि पाणी आणायला चढ-उतार कोण करणार?" कप्तानांनी खोडा घातलाच.

"मी आणि हे."

जावईबापूंनी मान डोलावली. ते बिचारे लग्न झाल्यापासून मानच डोलावत होते.

"तिथे गेल्यावर काठची झुडपं बघायची," ठकी त्यांना म्हणाली. "वाळलेलं गवत किती उंचीवर अडकलंय त्यावरून पाणी कुठवर येऊन गेलं ते कळतं. तंबू त्याच्या बराच वर."

कप्तानांची छाती फुगली. हे तिला त्यांनीच शिकवलेलं, खांद्यावर बसवून! पोरीनं शब्द न् शब्द जपला होता. पण पाठोपाठ मनात आलं, वरचा टप्पा म्हणजे चढ. हा असला गुडघा घेऊन चढणार कोण? संपलं, आपला पत्ता कट.

"आणि निघायचं अंधारातच," ठकी म्हणाली.

"का? डोंगर काय पळून चाललाय?" कप्तान खेकसले.

तिनं नकाशाची घडी घातली आणि म्हणाली, "चला, आम्ही आत जातो. बाबा, लपवा."

तालमीतला हा शेवटचा खेळ. सामानाच्या ढिगातून कप्तान एक वस्तू लंपास करायचे आणि काय गेलं ते बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखल्याशिवाय निघायचं नाही. कधी काडेपेटी, कधी तंबूच्या खुंट्या. लहानपणी ठकी अगदी रडकुंडीला यायची, पण शोधून काढायचीच.

सगळे आत गेले. कप्तान ढिगापुढे उभे राहिले. दोर, विजेऱ्या, पातेली, चादरी, आणि कडेला त्यांचे जुने बूट. सकाळी सवयीनं त्यांनी स्वतःच ते तिथे ठेवले होते, कुणाला न सांगता. त्यांनी बूट उचलले आणि पडद्यामागे सरकवले. कुणाच्या लक्षात नाहीच आलं, तर उत्तर मिळालं म्हणायचं. गयावया करायची गरज नाही.

"दोर?" बाहेर आल्या आल्या जावईबापू म्हणाले. दोर त्यांच्या पायातच होता.

"अहो, चहाचं पातेलं लपवलं असेल तर मी येणार नाही हं," ठकीची आई म्हणाली.

ठकीनं ढिगाभोवती एक चक्कर मारली, थांबली. कप्तानांनी पडद्याकडे पाठ केली.

"बाबा, बूट काढा बाहेर."

"कुठले बूट?"

"तुमचे! तुम्हाला सावकाश चढता यावं म्हणून अंधारात उठायचा आटापिटा करतेय मी, आणि तुम्ही बूट लपवून बसलाय?"

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही कधी मला विचारलंत, येतेस का म्हणून? खांद्यावर टाकून न्यायचात."

कप्तानांचे डोळे भरून आले, ते त्यांनी बूट शोधायच्या निमित्तानं पडद्याला पुसले. मग गुडघा सांभाळत तंबूत शिरले आणि नेहमीप्रमाणे दाराशी आडवे झाले.

"तिथे नाही बाबा. आत सरका."

"का?"

"दाराशी म्होरक्या झोपतो. रात्री काही झालं तर पहिला उठणारा तो. तुमचाच नियम आहे."

क्षणभर कप्तानांना चांगलंच झोंबलं. ही जागा त्यांनी आजवर कुणाला दिली नव्हती. त्यांनी मान वर करून पाहिलं. ठकी विजेरी घेऊन दारात उभी होती, आणि हटायचं तिचं लक्षण नव्हतं.

ते सरकले. पाय ओढत, कण्हत, पार आतल्या कडेला गेले आणि तिथून त्यांनी आवाज दिला, "अगं ऐकलंस का? पोरीनं मला दारातून हाकललं! मला!"

"ऐकलं," पॅसेजमधून ठकीची आई म्हणाली. "सगळ्या इमारतीनं ऐकलं."

"मग ऐकू दे!" कप्तान म्हणाले, आणि त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.