गेणबाला सभ्य करणारा बॅरल

मी निळा बॅरल बोलतोय. पोट दोनशे लिटरचं आणि तोंड त्याला शोभेल एवढं, तेव्हा बोलायला कमी पडणार नाही. उमेदीची वर्षं बारामतीच्या एका कारखान्यात साबणाचं रसायन वाहण्यात गेली. तिथून भंगारात, आणि भंगारातून इंदापूर तालुक्यातल्या गेणबाच्या दारात.

गावात नळाला चार दिवसांनी पाणी येतं. आलं की गेणबाची बायको विजयमाला मला काठोकाठ भरायची आणि वर जुन्या धोतराचं फडकं टाकायची. त्या फडक्याला डासिणी सहज आत शिरतील एवढी भोकं होती. आशाताई अनिसा दर आठवड्याला येऊन सांगायची, "वैनी, नुसतं पाणी वतून भागत न्हाय. अंडी कडंला चिकटत्यात. आतनं घासा." विजयमाला तिच्या देखत मला पालथा करायची आणि तिची पाठ वळली की तसाच भरायची. खरं सांगतो, मलाही बरंच वाटायचं. पोटात वळवळणारी पोरं कुणाला नको असतात?

ती पोरं मोठी झाली आणि भरदिवसा गेणबाला चावली.

गेणबाचं वाक्य शिवीशिवाय सुरू होत नसे. मोटार, शेळी, जावई, सरकार, सगळ्यांना सारखाच मान. त्याला डेंगी झाला आणि सगळं गाव त्याच्या पेशी मोजू लागलं. कुणी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी शेळीचं दूध. सहाव्या दिवशी ताप उतरला, पेशी लाखाच्या वर गेल्या. शेजारच्या रावजीनं तर पेढे वाटले.

त्या सकाळी गेणबा बाहेर आला आणि माझ्यासमोर हात जोडून म्हणाला, "नमस्कार. आपण कुठले?" मग शेळीला विचारलं, "आपलं जेवण झालं का?"

अंगणात हशा पिकला. "तापानं मानूस सुदारला!" रावजी म्हणाला. "वैनी, नशीब काढलंत." लोक बघायला येऊ लागले. शिवी न देणारा गेणबा रोज थोडाच दिसतो!

विजयमालानं चहा आणला. कप घेऊन तो अदबीनं म्हणाला, "उपकार झाले, बाई. आपण कुणाच्या?"

ती हसली नाही. "हे माझं मालक न्हायत. गाडी काढा. बारामतीला न्यायचं."

"अवो, पेशी वाडल्यात की!" रावजी म्हणाला.

"मग मी काय पेशींसंगं नांदू?"

वाटेतच त्याला झटका आला. डेंगीनं मेंदूला सूज आणली होती. ताप उतरल्यावरही असं होतं, आणि घरी ठेवला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. इकडे मी अकरा दिवस कोरडा उभा होतो. पोटात थेंब नव्हता, तरी एकच गोष्ट आठवत होती. ती पोरं मीच पोसली होती.

गेणबा आता घरी आहे. डावा हात अजून थरथरतो, तांब्या धरवत नाही. विजयमाला दर आठवड्याला काथ्या घेऊन माझ्या आत कमरेपर्यंत वाकते. सालटी निघतात, पण चालेल. तुमच्या दारात माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याचीही कीव करू नका, घासा.

काल घासता घासता ती अनिसाला दवाखान्यातलं सांगत होती. डॉक्टर रोज तिच्याकडं बोट दाखवून गेणबाला विचारायचे, 'ह्या कोण?' त्याचं रोज एकच उत्तर, 'असतील कुणी मोठ्या घरच्या.' नवव्या दिवशी मात्र त्यानं तिच्याकडं पाहिलं, मान खाली घातली आणि गप्प बसला. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'ओळखत नाही.'

"मी म्हणलं, खोडा त्ये, डॉक्टर," विजयमाला माझ्या पोटातूनच बोलत होती. "लाजत्यात ते. तीस वर्सांत चारचौघांत माझं नाव घेतलं न्हाय त्यांनी."