स्टेअरिंगवर सगळे, खाली कोणी नाही

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे आणि माझ्यात बसलेला एक माणूस मेला आहे. जुनी छत्री, जुनं घड्याळ अशा वस्तू तुम्हाला आपली गोष्ट सांगून हळवं करतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी रागात आहे.

माझी सुरुवात साधी होती. देवगडच्या बागांतून मी आंब्याच्या पेट्या वाहिल्या. वाट चढाची, खड्ड्यांची. पण मालक संध्याकाळी मला धुवायचा आणि धुता धुता चार ठिकाणी चाचपून बघायचा. तो थकला, तेव्हा काळाचौकीच्या धनेशने मला मुंबईला आणलं. धनेशचे वडील कोंडीराम कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. आता चाळीच्या गॅलरीत बसून खोकत असतात.

धनेशने मला बदललं. जाडजूड टायर आले, पुढे लोखंडी दांडी आली, कपाळावर दिव्यांची ओळ आली. मला उंच करायचं म्हणून त्याने पुढच्या स्प्रिंगांचे कमानपाटे धरणाऱ्या पट्ट्या काढून लांब पट्ट्या बसवल्या. त्यांना शॅकल म्हणतात. पट्ट्या लांब, टायर वजनदार, आणि ते सगळं वजन पेलायचं कुणी, तर एका बोल्टने.

पण दिसत होते मी झकास! मंडळाच्या गणपतीच्या आगमनाला मी सगळ्यांत पुढे. पोरं बोनेटवर चढायची, स्टेअरिंग धरून फोटो काढायची. सुटीच्या दिवशी आम्ही कर्जतकडे नदीच्या गोट्यांत जायचो. माझं कौतुक करताना कुणाची जीभ थकली नाही. माझ्या खाली मात्र कुणाचं डोकं गेलं नाही.

मग एकदा फ्रीवेवर, साठच्या आसपास वेग असताना, पुलाच्या सांध्यावरून चाक गेलं आणि माझं स्टेअरिंग थरथरायला लागलं. साधं थरथरणं नव्हे. अंगात आलेल्या बाईसारखं डावी-उजवीकडे आपटत होतं. धनेशने वेग पार उतरवला तेव्हा थांबलं.

नाक्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं टायर, कुणी म्हणालं रस्ता, कुणी म्हणालं दृष्ट लागली, लिंबू बांध. टायरचं बॅलन्सिंग झालं. लिंबूही बांधलं. थरथर गेली नाही. मग स्टेअरिंगला धक्के गिळणारी एक दाबनळी आली, डॅम्पर. काही दिवस मी गप्प होते. पुन्हा थरथरले. मग त्याहून जाड डॅम्पर आला.

अभयला ते पटलं नाही. अभय म्हणजे धनेशचा शाळेपासूनचा दोस्त, पलीकडच्या चाळीतला. परळच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचा.

"धन्या, तू तिला तापाची गोळी देतोयस. ताप कशाचा आहे ते बघ ना."

"झाला याचा डॉक्टर सुरू! अरे, आता कुठे हलतेय ती?"

"गोळीचा असर आहे तोवर नाही हलणार. हे बघ, दोन माणसांचं काम आहे. गाडी बंद, चाकं जमिनीवर. एकाने वर बसून स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. जिथे खडखडेल तिथे आजार. तू वर बस, मी झोपतो."

"अभ्या, नंतर. खंडेनवमी झाली की."

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. त्या सकाळी धनेशने काळ्या रंगाचे स्प्रे आणले. पूजेला मी खालूनही नवी दिसली पाहिजे ना! उजव्या शॅकलच्या बोल्टपाशी तेव्हा गंजाचा लाल ओघळ सुटला होता. बोल्ट भोकात घासत होता, त्याची ती भुकटी. माझ्याकडे बोलायला तेवढंच तोंड होतं, मित्रांनो.

कोंडीराम गॅलरीतून ओरडले, "झिला, आधी पुसून घे, मगे रंग मार! आमच्या खात्यात खंडेनवमीक साचो खोलून पुसायचे, मगे हळदकुंकू."

"बाबा, तुमचे साचे भंगारात गेले. तुम्ही चहा घ्या."

आणि त्याने स्प्रे उडवला. ओघळ काळा झाला. मला हार घातला, नारळ फोडला, पोरांनी आळीपाळीने स्टेअरिंगवर बसून फोटो काढले.

पुढच्या रविवारी सकाळी कर्जतला निघायचं ठरलं. अभय अंगात जुना शर्ट घालूनच आला. "चल, निघण्याआधी बघून घेऊ. झोपतो मी."

"रंग खरवडेल रे, नवा आहे अजून. परत आल्यावर बघू, आईशप्पथ."

अभयची आई राधाबाई डबा द्यायला खाली आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बघू दे की त्याला, धनेश. नाहीतर वाटभर माझं पोरगं तुझं डोकं खाईल."

सगळे हसले. मी सुरू झाले.

फ्रीवेवर तोच सांधा आला. या वेळी जाड डॅम्परलाही आवरलं नाही. स्टेअरिंग धनेशच्या हातातून सुटलं. त्याने घाबरून ब्रेक दाबला आणि मी डाव्या कठड्यावर आदळले. डाव्या बाजूला अभय होता.

पंचनामा झाला. टोचन करून मला एका बंद गिरणीच्या भिंतीलगत आणून टाकलं. नाक्यावर फ्लेक्स लागला. वर अभयचा फोटो, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली मंडळाच्या पोरांचे गॉगल लावलेले चेहरे, ओळीने. यांतला एक जरी माझ्या खाली झोपला असता!

एका दुपारी राधाबाई आल्या. मागे धनेश, एक हात प्लास्टरमध्ये. त्यांनी उजवीकडचं दार उघडलं आणि स्टेअरिंगवर बसल्या.

"झोप खाली."

"आई, आता काय उपयोग..."

"माझा पोरगा कशानं गेला ते मला बघायचंय. तो सांगायचा तसं कर. झोप."

धनेश खाली झोपला. डावं चाक चेपलं होतं, पण उजवं शाबूत होतं. राधाबाईंनी स्टेअरिंग हलवलं. डावीकडे, उजवीकडे. धनेशचा चांगला हात एकेका सांध्यावरून सरकत उजव्या शॅकलवर आला.

टक्. टक्.

त्याने नखाने काळा रंग खरवडला. आतून लाल भुकटी त्याच्या तोंडावर सांडली. बोल्टाचं भोक गोल राहिलंच नव्हतं. बदामासारखं लांबट झालं होतं, कडा घासून चकचकीत. स्टेअरिंग हललं की माझा अख्खा पुढचा आस त्या भोकात सरकत होता. अपघाताने एका दिवसात असं होत नाही.

"सापडलं?" वरून राधाबाईंनी विचारलं.

खालून नुसता हुंदका आला.

"रडू नको, सांग. त्या सकाळी बघितलं असतंस तर किती वेळ गेला असता?"

धनेशने तोंडावरची लाल भुकटी पुसली. मग म्हणाला, "चहा निवेपर्यंत."

राधाबाई उतरल्या. माझ्या बोनेटवरचा वाळलेला हार त्यांनी ओढून काढला, खाली झोपलेल्या धनेशच्या अंगावर टाकला आणि मागे न बघता चालू लागल्या.

मी आता भंगारात जाईन, त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, तुमच्या दारात जी गाडी उभी आहे तिला हार घालायच्या आधी तिच्या खाली झोपा. कपडे खराब होतील, होऊ द्या. ते धुता येतात.