पाचवी तहकुबी

ललिता सकाळी घरून निघताना दोन घोट पाणी प्यायची. मोजून दोन. मंडईत गाळा लागला की दहाच्या सुमाराला अर्धा कप चहा, आणि मग संध्याकाळी सातला घरी पोचेपर्यंत काही नाही. उन्हाळ्यातही हेच. समोर काकड्या, लिंबं, टोमॅटो रचलेले आणि विकणारीचा घसा कोरडा ठणठणीत. मंडईतल्या चाळीस बायकांचं असंच चाललं होतं, कारण जायची सोय नव्हती.

सोय नव्हती म्हणणंही तसं खोटंच. सोय होती. पांढऱ्या टाइल्स लावलेली, वर पाण्याची टाकी बसवलेली, दारावर साडीतल्या बाईचं चित्र काढलेली. फक्त तिला कुलूप होतं. महिला स्वच्छतागृह बांधून अकरा महिने झाले होते आणि उद्घाटनाला कुठल्याशा साहेबांची तारीख मिळत नव्हती. तोवर जागा वाया कशाला घालवायची, म्हणून प्रभाग समितीचे अध्यक्ष अनिरुद्धभाऊ यांनी आपल्या मंडळाच्या दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या तिथं रचून ठेवल्या होत्या. गणपतीत खुर्च्या बाहेर निघाल्या, दहा दिवस आत नुसती हवा खेळत होती, तरी कुलूप काही निघालं नाही. चावी भाऊंच्या पोपटकडे असायची. पोपट हा भाऊंचा कार्यकर्ता, म्हणजे भाऊंनी शिंकायच्या आधी रुमाल काढणारा माणूस.

मे महिन्यात शेजारच्या गाळ्यावरची गोदाबाई मेथीच्या ढिगावरच कोसळली. लघवीचा जंतुसंसर्ग वाढत वाढत मूत्रपिंडापर्यंत गेला होता. डॉक्टर म्हणाले, "आजी, भरपूर पाणी पीत जा." गोदाबाई म्हणाली, "पिते की. मग जायचं कुठं, ते बी चिठ्ठीवर लिवून द्या."

ललितालाही आता तीच जळजळ सुरू झाली होती, आणि ती गोदाबाईइतकी सोशिक नव्हती. तिनं चाळीस बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले, प्रभागातल्या नगरसेविका नम्रता मॅडमना गाठलं, आणि जूनच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ओळ छापून आली: विषय क्रमांक चार, मंडईतील महिला स्वच्छतागृहाचे कुलूप काढून ते तात्काळ वापरास खुले करणे.

आता अशा विषयाला नाही कोण म्हणणार? उघड विरोध करायची भाऊंची छाती नव्हती. पण सभा चालवणाऱ्याला नाही म्हणावं लागत नाही. त्याला नुसतं उभं राहावं लागतं.

रीत अशी. कुणी थोर माणूस गेला असेल तर सभेच्या सुरुवातीलाच दुखवट्याचा ठराव येतो. सगळे उठतात, दोन मिनिटं माना खाली घालतात, आणि मग दिवंगतांच्या सन्मानार्थ सभा महिनाभर तहकूब होते. चहा-बिस्किटं मात्र तहकूब होत नाहीत. जूनमध्ये एक जुने मंत्री गेले. जुलैमध्ये कुस्तीचे एक वस्ताद. ऑगस्टमध्ये विश्रांतवाडीतले एक गृहस्थ, जे भाऊंचे चुलतसासरे निघाले. सप्टेंबरमध्ये तर एका परदेशी गायकाला श्रद्धांजली वाहिली, आणि त्याचं नाव भाऊंना तीन वेळा प्रयत्न करूनही म्हणता आलं नाही. ललिता चारही वेळा गाळा बंद ठेवून मागच्या बाकांवर बसली होती आणि चारही वेळा उभी राहिली होती. मेलेल्यांशी तिचं भांडण नव्हतं. पण चौथ्या वेळी मान खाली घातल्यावर तिला स्वतःच्या चपला दिसल्या, आणि इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. शेजारच्या शिपायाला वाटलं, बाई गायकाची चाहती दिसते.

त्याच संध्याकाळी ती महिपतीअण्णांकडे गेली. अण्णा तीन वेळा नगरसेवक झालेले, वय शहाऐंशी, जीभ तिखट, गुडघे गेलेले. इमारतीची लिफ्ट बंद असल्यानं दोन वर्षं तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेच नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ही खोड आमचीच," अण्णा म्हणाले. "खडकवासला तुडुंब भरलेलं आणि आमच्या वस्तीला टँकर. लोक सभेत जाब विचारायला आलेले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. सकाळीच पेपरात एका कीर्तनकारांच्या निधनाची बातमी वाचली होती. तहकुबीची सूचना मीच मांडली. दोन मिनिटं डोळे मिटले आणि सुटलो."

"मग लोकांनी काय केलं?"

"लोकही उभे राहिले," अण्णा म्हणाले. "तुमच्या स्वच्छतागृहाची ती जागा आहे ना, ती राखून ठेवायचा पहिला ठराव माझा होता. चोवीस वर्षं झाली त्याला. पुढच्या सभेला मला घेऊन चल."

"अण्णा, तीन मजले हायेत."

"मी चढायचं म्हणत नाहीये, उतरायचं म्हणतोय."

ऑक्टोबरच्या तिसऱ्या मंगळवारी मंडईतले बाबुराव हमाल आणखी तिघांना घेऊन आले. बटाट्याची पोती उचलणारे ते खांदे. त्यांनी अण्णांना खुर्चीसकट उचललं आणि जिन्यावरून खाली आणलं. अण्णा पांढऱ्याशुभ्र धोतर-सदऱ्यात होते. दोन वर्षांनी जमिनीला पाय लागणार म्हणून गोदाबाईनं झेंडूचा हार आणला होता, तो तिनं खालीच त्यांच्या गळ्यात घातला. खुर्ची तिरकी झाली म्हणून अण्णा हमालांना असे काही बोलत होते की जमलेल्या बायका तोंडावर पदर दाबून हसू आवरत होत्या. कोपऱ्यावर एक स्कूटर हळू झाली, क्षणभर थांबली आणि भर्रकन वळून गेली. ललितानं पोपटला ओळखलं. पण तो एवढ्या घाईत कुठं निघाला, हे तिला तेव्हा कळलं नाही.

क्षेत्रीय कार्यालयात सभेची वेळ अकराची. साडेअकरा झाले तरी भाऊ आपल्या केबिनमधून बाहेर येईनात. त्या महिन्यात सोयीचं असं कुणी गेलंच नव्हतं. मग वाटेत बंद पडलेली स्कूटर ढकलत आणून पोपट धापा टाकत केबिनमध्ये शिरला, आणि दोनच मिनिटांत भाऊ गंभीर चेहऱ्यानं सभागृहात आले. चेहरा गंभीर होता, पण पावलं हलकी पडत होती. म्हणजे पुन्हा कुणीतरी सापडलं होतं.

सभागृहाच्या मागच्या बाजूला नागरिकांची बाकं आहेत. तिथं मंडईच्या अकरा बायका दाटीवाटीनं उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे, भिंतीला लागून, सभासद यायच्या आधीच आणून बसवलेले, खुर्चीत अण्णा. पुढं बसलेल्यांना ते दिसणं शक्य नव्हतं, आणि मागच्या बाकांकडे बघायची भाऊंना सवयही नव्हती.

भाऊ उभे राहिले. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या प्रभागाचे भूषण, माजी नगरसेवक महिपतीअण्णा यांचे आज सकाळी निधन झाले."

ललिता ओरडणारच होती. पण मागून अण्णांनी तिचं मनगट धरलं. "थांब," ते पुटपुटले. "मला ऐकू दे."

भाऊंच्या शेजारी सभालिपिक सत्यशीला गजभिये इतिवृत्त लिहायला बसल्या होत्या. नागपूरहून नोकरीसाठी पुण्यात आलेल्या या बाई गेली अठ्ठावीस वर्षं सभेत कोण काय बोललं ते लिहीत होत्या, आणि स्वतः फारसं बोलत नव्हत्या. त्यांनी मान वर केली. बायकांच्या मधल्या फटीतून त्यांना झेंडूचा हार दिसला, मग हाराच्या वरचा चेहरा. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"सर, नाव पुन्हा एकदा सांगता?" त्या शांतपणे म्हणाल्या. "नोंदीत चूक नको."

भाऊंनी नाव पुन्हा, अधिक खणखणीत सांगितलं आणि मग भाषणच केलं. अण्णा कसे कर्मयोगी होते, अण्णा कसे वडिलांसारखे होते, माताभगिनींच्या प्रश्नासाठी त्यांनी रात्रीचा दिवस कसा केला. शेवटी ते नेहमीचं वाक्य आलं: "अण्णांचे अपुरे राहिलेले कार्य पूर्ण करणे, हीच त्यांना खरी श्रद्धांजली ठरेल." सगळे उठले. दोन मिनिटं पंख्याचा आवाज तेवढा येत होता. सत्यशीलाबाई उभ्या राहून घड्याळ बघत होत्या.

"दिवंगत महिपतीअण्णांच्या सन्मानार्थ ही सभा—"

"अध्यक्षसाहेब," ललिता मोठ्यानं म्हणाली.

"नागरिकांना बोलता येत नाही. ही सभा—"

"मी बोलत नाय. मी फक्त बाजूला होते."

ती बाजूला झाली. तिच्या शेजारची गोदाबाई बाजूला झाली. मग बाकीच्याही.

पोपट मट्‌कन खाली बसला. चौघांनी उचललेला पांढऱ्या कपड्यातला माणूस, गळ्यात हार, तोंडाला पदर लावलेल्या बायका, एवढं त्यानं कोपऱ्यावरून पाहिलं होतं. जवळ जाऊन खात्री करायची, तर खांदा द्यावा लागला असता.

सत्यशीलाबाईंनी पेन उचललं. "सर, सूचना मयत व्यक्तीच्या सन्मानार्थ होती. मयत हजर आहेत. नोंद कशी करू?"

"ही थट्टा चाललीय का सभागृहाची?" भाऊंचा आवाज चिरकला.

"थट्टा कुणी केली ते बाईंनी लिहून घेतलंय," अण्णा म्हणाले. "भाषण मात्र छान झालं, अनिरुद्ध. माझ्या घरच्यांनी मला एवढं चांगलं कधी म्हटलेलं नाही. ते शेवटचं वाक्य तेवढं पुन्हा म्हण. माझ्या अपुऱ्या कार्याचं. कारण माझं एकच कार्य अपुरं राहिलंय आणि त्यात तुझ्या खुर्च्या आहेत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. नम्रता मॅडम उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तहकुबीला कारण उरलेलं नाही. विषय क्रमांक चार." नऊ सभासदांचे नऊ हात वर झाले. नववा हात भाऊंचा होता आणि तो वर यायला सर्वांत जास्त वेळ लागला.

"ठीक आहे, ठराव मंजूर," भाऊ कपाळ पुसत म्हणाले. "आता तो रीतसर संबंधित खात्याकडे जाईल. उद्घाटनाची तारीख ठरेल. महिन्याभरात निश्चित..."

महिना. ललितानं अकरा महिने आणि त्यावर पाच सभा काढल्या होत्या. ती बाकांच्या मधून सरळ पुढे गेली. शिपाई आडवा आला, पण तिच्याकडे बघून बाजूला झाला. भाऊंच्या टेबलावर पाण्याची लिटरभराची बाटली होती. तिनं टोपण काढलं आणि बाटली तोंडाला लावली. घट, घट, घट. सगळं सभागृह बघत होतं. गळ्यावरून पाणी ओघळलं, ब्लाउज भिजला, डोळ्यांत पाणी आलं, पण ती थांबली नाही. इतकं पाणी दिवसाउजेडी ती कितीतरी वर्षांनी पीत होती, आणि तिला ते गोड लागत होतं. रिकामी बाटली तिनं भाऊंच्या विषयपत्रिकेवर ठेवली.

"आता माझ्याकडं अर्धा तास हाय," ती म्हणाली. "चावी कुणाकडं हाय?"

मागं बाकीच्या दहाजणी व्हरांड्यातल्या पाण्याच्या जारकडे गेल्याही होत्या. गोदाबाईनं पहिला पेला भरला. एक अधिकारी घाईघाईनं उठले. "ताई, असं करू नका. इथलं कार्यालयाचं स्वच्छतागृह वापरा ना, काही हरकत नाही."

"तुमचं तुम्हालाच लखलाभ," ललिता म्हणाली. "आमचं बांधून तयार हाय."

भाऊंनी पोपटकडे पाहिलं. पोपटनं छताकडे पाहिलं. मग सत्यशीलाबाईंनी लिहिता लिहिता, मान वर न करता विचारलं, "ठरावात तात्काळ हा शब्द आहे, सर. इतिवृत्तात काय लिहू, सभा संपल्यावर अध्यक्षांनी चावी दिली की नाकारली?"

मंडई तिथून दहा मिनिटांवर. पुढं पोपट, त्याच्या मागं ललिता, मग बायका, मग हमालांच्या खांद्यावर अण्णा. रस्त्यावरचे लोक हात जोडत होते आणि अण्णा त्यांना दटावत होते, "अहो, जिवंत आहे मी." कुलूप गंजलेलं. पोपटच्या हातून चावी दोनदा पडली. दार उघडलं तशा बायकांनी खुर्च्या ओढून काढायला सुरुवात केली. भाऊंच्या मंडळाच्या नावाच्या दोनशे खुर्च्या भर मंडईत, कोबी आणि कांद्यांच्या मधे, ओळीनं उभ्या राहिल्या. बाबुरावांनी वर चढून टाकीची तोटी सोडली. पाईप खोकला आणि पाणी आलं.

अण्णांनी गळ्यातला हार काढून दाराच्या कडीला अडकवला. पोपटनं कुलपासाठी हात पुढं केला.

"हे राहू दे माझ्याकडं," ललिता म्हणाली आणि कुलूप कमरेच्या पिशवीत टाकलं. तिला स्वतःला आता धीर निघत नव्हता, पायावर पाय दाबून ती उभी होती. तरी तिनं गोदाबाईला पुढं ढकललं. "आधी तू."

गोदाबाई आत गेली. चाळीस बायका आपापले गाळे सोडून त्या दाराकडं बघत होत्या. थोड्या वेळानं दार उघडलं. गोदाबाई ओले हात पदराला पुसत बाहेर आली, सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "पाणी हाय का गं कुणाकडं? लई तहान लागलीय."