एकतिसावा रकाना

तिने लाकडी पट्टी सतराव्या ओळीखाली सरकवली आणि तिथेच थांबली.

अख्ख्या हॉस्पिटलचे कागद संगणकात घालणारी बाई स्वतः मात्र यादी छापून, शाळेतल्यासारखी पट्टी ठेवून वाचते, यावर खात्यात बरेच विनोद होऊन गेले होते. निवृत्तीला टेकलेला तिचा ऑपरेटर तर दर वेळी प्रिंट देताना म्हणायचा, "मॅडम, कागद वाचवा असं पत्रक तुम्हीच काढलं होतं." पडद्यावर नजर घसरते आणि कागदावर अडते, एवढंच तिचं म्हणणं होतं. आज ती अडली.

यादी सहामाहीची होती. कोणत्या कर्मचाऱ्याने कोणत्या रुग्णाची फाइल उघडली, कधी उघडली, किती वेळ ठेवली. ज्याचा त्या रुग्णाशी कामाचा संबंध नाही त्याचं नाव लाल अक्षरात. एकच फाइल तीनदा विनाकारण उघडली तर प्रकरण समितीपुढे जाई, आणि समितीपुढे गेलेलं माणूस सहसा परत कामावर दिसत नसे. नियम तिनेच लिहिला होता. लोकांच्या दुखण्यात डोकावायचा कोणाला अधिकार नाही, असं तिचं मत होतं, आणि ते आजही बदललेलं नव्हतं.

सतराव्या ओळीत पाचव्या मजल्यावरच्या वॉर्डातली एक सिस्टर होती. एकच फाइल, अकरा वेळा. दर वेळी एकच पान, दर वेळी मिनिटभराच्या आत बंद. फाइल अण्णांची होती, म्हणजे तिच्या वडिलांची.

तिने पट्टी अठराव्या ओळीखाली ठेवली आणि उरलेली यादी शेवटपर्यंत वाचली. मग चहा घेतला. अहवाल पाच वाजेपर्यंत जायचा होता आणि आत्ताशी अकरा वाजत होते. तिला धक्का बसला नाही, रागही आला नाही. साडेपाच महिन्यांपूर्वी अण्णा गेले तेव्हापासून तिला तसं काहीच होत नव्हतं. दात काढल्यावर बधिर गालाला बोट लावून बघावं, तशी ती अधूनमधून स्वतःला चाचपून बघायची. गाल जागेवर असायचा, इतकंच.

घरात मात्र तिचं नाव निघत होतं. अण्णा गेले त्या दिवशी दादा गावाहून चार तास गाडी चालवत आला, तोवर सगळं आटोपलं होतं. हॉस्पिटलने दिलेला शेवटचा कागद त्याने वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून ओळ न् ओळ वाचला. त्यात छापलेलं होतं, नातेवाईक जवळ होते. दादाने तो कागद काकाला दाखवला, आत्याला दाखवला, फोनवर मावशीला वाचून दाखवला. "मी नाही पोचलो, पण ठमी होती. ठमीच्या हातात गेले अण्णा." ठमी म्हणजे ती. पन्नाशीला आलेल्या, हाताखाली बावीस माणसं असलेल्या बाईला या नावाने हाक मारणारे जगात दोघेच होते, आणि त्यातला आता एकच उरला होता.

ती तेव्हा काहीच बोलली नव्हती. लोकांना वाटलं, दुःखाने बोलवत नाही. पुढे आठवडा गेला, महिना गेला, आणि सांगायची वेळ टळली ती टळलीच. दादाने तो कागद अण्णांच्या चष्म्याशेजारी कपाटात ठेवला होता.

ती जवळ नव्हती. एक वाजता ती अण्णांच्या उशाशी उभी होती, "तासाभरात येते" म्हणाली होती, आणि डॉक्टरही म्हणाले होते की आज काळजी नाही. मग ती तीन मजले खाली वर्ग घ्यायला गेली. फोन टेबलावर पालथा, आवाज बंद. ती वर आली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि अण्णांना जाऊन अठरा.

तिने वॉर्डात फोन लावला आणि सिस्टरना खाली बोलावलं.

सिस्टर आल्या त्या हात पुसतच. चाळिशीच्या, अंगाने बारीक, पायातल्या बुटाची एक लेस सुटलेली.

"बसा."

"नको मॅडम, वॉर्डात एकटीच आहे आत्ता."

"पाच मिनिटं बसा."

सिस्टर खुर्चीच्या कडेवर बसल्या. तिने यादी त्यांच्याकडे फिरवली आणि ओळीखाली पट्टी धरली.

"ही फाइल तुम्ही अकरा वेळा उघडलीत."

"अकरा झाले का?" सिस्टर म्हणाल्या. "मी मोजले नव्हते."

"काय काम होतं?"

"काम नव्हतं."

खोटं बोलणाऱ्याची चौकशी सोपी असते, त्याला पकडता येतं. ही बाई पहिल्याच प्रश्नाला सगळं कबूल करून बसली होती आणि पुढे काय विचारावं ते तिला सुचेना.

"मग कशाला उघडलीत?"

"शेवटचं पान बघायचे. मी भरलेलं. तो एकतिसावा रकाना."

एकतिसावा रकाना तिला पाठ होता. 'अखेरच्या वेळी जवळ कोण होते?' पुढे दोन पर्याय: 'नातेवाईक जवळ होते' आणि 'नातेवाईकांना फोनवर कळवले'. शेजारी लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. कागदी फॉर्मवर ही जागा लोक कोरी सोडायचे आणि मग घरच्यांशी वाद व्हायचे, म्हणून तिनेच हट्टाने ती सक्तीची करून घेतली होती.

"तुमचा फोन दोनदा लावला, तुम्ही उचलला नाहीत," सिस्टर म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, ड्यूटी बदलताना सांगतात तसं त्या सांगत होत्या. "म्हणजे कळवलं असंही लिहिता येईना. तिसरं काही निवडायला नव्हतं. आणि ते भरल्याशिवाय पान बंद होईना. नवीन फॉर्मचा पहिलाच दिवस, खाली त्याच बेडसाठी दुसरा पेशंट ताटकळत होता. मग मी पहिल्यावर टिक केलं."

"घाईत होतं असं."

"घाईत नाही केलं, मॅडम."

सिस्टरनी सुटलेली लेस बुटाच्या आत खोचली. बांधली नाही.

"एकदम खालावले ते. डॉक्टर येऊन बघून गेले, म्हणाले आता काही करण्यासारखं नाही. मी हात धरून बसले. त्यांचे डोळे मिटलेले होते. तर म्हणाले, ठमे, आलीस का? मी काही बोलले नाही. परत विचारलं. मग मी म्हटलं, हो, आले."

हे नाव या इमारतीत कोणाला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. तिने पट्टी उचलून फाइलींच्या वर ठेवली, मग पुन्हा यादीवर ठेवली.

"अजून काही म्हणाले?"

"जेवलीस का, म्हणाले. मी म्हटलं, जेवले. मग काही बोलले नाहीत."

"जेवला होतात तुम्ही?"

"मी?" सिस्टरना पहिल्यांदाच थोडं हसू आलं. "नाही हो. पावणेतीनला आमचं कुठलं जेवण."

त्या दिवशी त्याच सुमारास खाली वर्गात सगळ्यांना डबे वाटले होते. तिने डबा उघडला होता आणि पूर्ण खाल्लाही होता. वर्ग चांगला चालला होता म्हणून तिला भूक लागली होती, हे तिला आत्ता लख्ख आठवलं.

"टिक करताना वाटलं, त्यांच्या लेखी तर लेक जवळच होती," सिस्टर म्हणाल्या. "पण कागद खोटा तो खोटाच. दुसऱ्या दिवसापासून फाइलला कुलूप लागतं, दुरुस्त करता येत नाही. मग मी नुसतीच उघडून बघायचे, अजून तसंच आहे का. मूर्खपणाच आहे म्हणा."

"मला का नाही सांगितलंत?"

"लिफ्टमध्ये दोनदा भेटलात. तोंडाशी आलं होतं. पण तुमच्याकडे बघून धीरच झाला नाही."

ती नियमांकडे वळली, कारण ते तिला येत होते. चुकीची नोंद आढळली तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो. अर्ज असला की आधी फाइल उघडलेली कामात धरली जाते, समितीचा प्रश्न येत नाही. अर्जावर सिस्टरची सही, आणि ज्या नातेवाईकाच्या हजेरीचा प्रश्न आहे त्याचीही.

"म्हणजे तुमची," सिस्टर म्हणाल्या.

"हो. आणि दुरुस्त प्रत मूळ कागद ज्याने सही करून नेला त्याच्या नंबरवर जाते. तो माझ्या भावाचा आहे."

सिस्टर उभ्या राहिल्या.

"मग राहू दे, मॅडम. त्या दिवशी त्यांनी माझे हात धरले होते. बरं झालं बहीण होती, म्हणाले. मी गप्प बसले, आता काय तोंडाने बोलू? समितीत सांगेन, सवयीने उघडली फाइल. काय व्हायचं ते होईल."

"घरी कोण आहे कमावणारं?"

"मीच."

"मग बसा आणि अर्ज लिहा," ती म्हणाली.

अर्ज लिहायला दहा मिनिटं लागली. पण एकतिसाव्या रकान्यात दुरुस्त करून लिहायचं काय, हा प्रश्न उरलाच, कारण पर्याय दोनच होते आणि दोन्ही खोटे होते. सिस्टर वर गेल्यावर तिने फॉर्म उघडला आणि तिसरा पर्याय टाइप केला: 'सिस्टर जवळ होत्या'. ऑपरेटर मागून वाचत होता.

"आणि वॉर्डबॉय असला तर, मॅडम? किंवा झाडूवाल्या मावशी?"

तिने ते खोडलं आणि लिहिलं, 'वॉर्डातले माणूस जवळ होते'. ऑपरेटरने मान डोलावली. एवढी दुरुस्ती करायला एरवी तीन बैठका लागल्या असत्या. सहीच्या जागी, 'मी उपस्थित नव्हते' या छापील वाक्याखाली, तिने सही केली. रेकॉर्ड विभागाच्या प्रमुख डॉक्टरांनी दुपारी अर्ज मंजूर केला. साडेचारला तिने यादीतल्या सतराव्या ओळीपुढे 'कामासाठी' असं लिहून अहवाल पाठवून दिला.

पाचला दहा कमी असताना दादाचा फोन आला.

"ठमे, तुझ्या त्या सिस्टिमने घोळ घातलाय बघ."

"काय झालं?"

"अण्णांचा कागद आलाय मोबाईलवर. दुरुस्त प्रत म्हणे. लिहिलंय, वॉर्डातलं माणूस जवळ होतं. आता याला काय म्हणायचं? तू एवढी त्यांची साहेबीण, आणि तुझ्याच बापाचा कागद चुकवतात लेकाचे. ज्याने केलंय त्याला चांगला फैलावर घे आणि पहिल्यासारखं करून पाठव."

आता नुसतं 'बघते' म्हटलं असतं तरी भागलं असतं. दादा संगणकाला आधीपासूनच शिव्या घालायचा, त्यात आणखी एक घातली असती आणि कपाटातला जुना कागद कपाटात राहिला असता. ती खुर्चीवरून उठली आणि तिने केबिनचं दार लावून घेतलं.

"घोळ नाही, दादा."

"म्हणजे?"

"मी नव्हते तिथे."

पलीकडे कुठेतरी नळ चालू होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

"मग कुठे होतीस तू?"

"इथेच. तीन मजले खाली. वर्ग घेत होते."

"कसला वर्ग?"

"हा फॉर्म कसा भरायचा, त्याचा."

दादाने फोन ठेवला नाही, नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. तिला वाटलं होतं एवढं सांगितलं की पुरे, पण अजून राहिलं होतं.

"मी आले असं वाटलं त्यांना. सिस्टरनी हो म्हटलं. मग जेवलीस का, म्हणून विचारलं त्यांनी," ती म्हणाली. "आणि मी जेवत होते रे दादा. त्याच वेळी. खाली."

एवढं बोलून झालं, आणि तिला दुखायला लागलं.