जवळून

आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला प्रेमाला तिचा एकच फोटो सापडला. तोही प्रेमानेच काढलेला, मावसभावाचा कॅमेरा मागून घेऊन. कपाट, कॅलेंडर, पंखा, सगळं लख्ख आलं होतं आणि मधोमध आई, अंगठ्याएवढी. घाटकोपरच्या स्टुडिओवाल्या भाऊरावांनी तो मोठा करून दिला, पण चेहरा पार पुसट झाला.

"ताई, तुम्ही खोलीचा फोटो काढलाय," भाऊराव हळूच म्हणाले.

प्रेमाला ते लागलं. तिने सेकंडहँड यशिका कॅमेरा घेतला. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीत दिवसभर कानात अनोळखी आवाज. घरी आल्यावर रेडिओ लावला तरच आवाज. रविवार तर नुसता अंगावर यायचा. आता रविवारी ती कॅमेरा घेऊन बाहेर पडू लागली. रोल धुऊन आला की भाऊराव काउंटरवर फोटो मांडायचे.

"समुद्र तिरका झालाय, सांडेल ना! बटण दाबायच्या आधी चारही कोपरे बघत जा. नको ते बाहेर ठेवा."

ती शिकत गेली. होडी मधोमध न घेता बाजूला घ्यायची, पुढे मोकळं पाणी सोडायचं. फोटो सुधारले.

"पण यात माणूस एकही नाही, ते का?" भाऊरावांनी एकदा विचारलं.

"कोणाला म्हणू, उभे राहा म्हणून?"

"विचारून तर बघा. आणि जवळ जा."

माहुलच्या कोळीवाड्यात एक म्हातारी सुकट वाळत घालत होती.

"मावशी, तुमचा फोटो काढू?"

"माजा कशाला गो? होड्यांचा काढ."

"त्यांचे खूप झाले."

म्हातारी हसली. चौकटीत मागची रिफायनरीची चिमणी येत होती. प्रेमा डावीकडे सरकली, मग पुढे, आणखी पुढे. एवढ्या जवळून तिने कित्येक महिन्यांत कोणाकडे पाहिलं नव्हतं. तिने चारही कोपरे बघितले, आणि मग बटण दाबलं.

फोटो झकास आला. ती तो द्यायला गेली, तेव्हा सोनूबाईने, हे त्या म्हातारीचं नाव, तो शेजारणींना दाखवत साऱ्या आळीत फिरवला. परत आल्यावर तिने विचारलं, "घरी कोन हाय तुझ्या?"

"कोणी नाही."

"मंग घाई कसली? बस."

सोनूबाईने चहा टाकला. प्रेमा उंबऱ्यापाशी बसली. कप तिच्या हातात देऊन सोनूबाई तिच्याजवळच येऊन टेकली.