भिंतीवरचा सेन्सर

पडद्यावरची रेघ अगदी सरळ होती, आणि ती बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्या भागातल्या साखर कारखान्यात दाट पाक एका मोठ्या लोखंडी पिंपात गरागरा फिरवतात. मळी बाहेर फेकली जाते, साखर आत राहते. पाक एका बाजूला जास्त बसला की पिंप हादरतं. गेल्या हंगामात ते असंच उखडलं आणि लोखंडाचा तुकडा माझ्या वडिलांच्या कानाजवळून गेला. आबा त्याच मशीनवर काम करतात. मी लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनल बनवते. कारखान्याच्या मागं लागून मी त्या मशीनला डीएसपी कार्ड, म्हणजे सिग्नल तपासणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड, बसवलं. त्यातली चिप सेकंदाला हजारो वेळा हादरा मोजते, मोटारीचा गोंगाट गाळून टाकते आणि पिंप उखडायच्या आत वेग उतरवते.

आणि आता मशीन चालू असताना हादऱ्याची रेघ सरळ? चालतं मशीन इतकं शांत असूच शकत नाही.

मी धावत मशीनपाशी गेले. कार्डाला हादरा कळवणारा सेन्सर पिंपाच्या बेअरिंगवर नव्हताच. कुणीतरी तो शेजारच्या भिंतीला तारेनं बांधला होता. भिंत कशाला हादरतेय!

"आबा, बंद करा मशीन!" मी ओरडले. "कुणाचा उद्योग हा? राजवर्धन साहेबांचाच ना?"

हे प्रॉडक्शन मॅनेजर रोज फोन करून कार्डाच्या नावानं खडे फोडायचे.

आबांनी मशीन थांबवलं. "सायबाला नगं बोलू, माधवी. म्याच बांधला."

"तुमी?"

"सारखा वेग पडतुय म्हनून समदी हसत्यात. तुज्या पोरीचं कार्ड भित्रं हाय म्हनत्यात. तुजं नाव खराब व्हाया लागलं."

"खड्ड्यात गेलं माझं नाव! तुमी जिवंत राहावं म्हणून बसवलंय ते. तुमाला काय झालं तर नाव काय चाटू मी?"

आजूबाजूची माणसं बघत होती. बघू देत. माझ्या डोळ्यांत रागानं पाणी आलं होतं.

 आबांनी तार सोडली आणि सेन्सर बेअरिंगवर घट्ट आवळला. पान्याला मला हातही लावू दिला नाही.

मशीन पुन्हा सुरू झालं. थोड्या वेळानं पाक एका बाजूला बसला, रेघ उसळली आणि पिंपाचा वेग झरकन उतरला. राजवर्धन साहेब तरातरा आले.

"नीळकंठराव, परत कुणी पाडला वेग?"

"माज्या पोरीनं," आबा म्हणाले. "आन् ती म्हनंल तवाच वाढंल."