खेळाच्या तासाची शिट्टी

माझ्या पोटात बुचाची एक गोळी आहे. हरभऱ्याच्या दाण्याहून थोडी मोठी, एका बाजूने किंचित चपटी झालेली. कोणी माझ्यात फुंकर घातली की आत हवा गोल फिरते आणि तिच्याबरोबर ही गोळीही फिरते. फिरता फिरता ती हवेची वाट क्षणभर अडवते, सोडते, पुन्हा अडवते. म्हणून माझा आवाज थरथरत जातो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, शंभर मुलांच्या गोंगाटातही तो वेगळा कळतो, तो या थरथरीमुळे. गोळी काढून घेतली तरी मी वाजेन, पण तो आवाज माझा राहणार नाही.

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे, मित्रांनो. माझ्यावरचा चकचकीत मुलामा तोंडाजवळ झिजला आहे आणि तिथे आतलं पिवळं पितळ दिसतं. ती जागा दातांनी धरायची.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. पत्र्याचे तुकडे साच्यात दाबून माझे दोन भाग केले आणि डाख देऊन ते जोडले. गोळी घालायचं काम एका मावशींकडे होतं. त्या अंगठ्याने गोळी फटीतून आत दाबायच्या, मला कानाशी नेऊन हलवायच्या आणि खुळखुळ ऐकू आली की पुढच्या टोपलीत टाकायच्या. मला टाकताना त्या म्हणाल्या, "जा बाई, चांगल्या गळ्यात पड." शेजारी शिट्ट्या वाजवून बघणारा माणूस बसला होता. त्याच्या दोन्ही कानांत कापूस होता. मावशी दिवसभर बोलत आणि तो दिवसभर मान डोलवत असे. दोघांचं छान जमत होतं.

मी चांगल्याच गळ्यात पडले. खेळाच्या सामानाच्या दुकानात एक तरुण मुलगी आली. तिला शाळेत पहिली नोकरी लागली होती.

"फुंकून बघू का?" तिने विचारलं.

"बघा की," दुकानदार म्हणाला, "फक्त गिऱ्हाइकं पळणार नाहीत एवढं बघा."

गिऱ्हाइकं पळाली नाहीत, पण सगळी वळून बघायला लागली. तिने मला तिथेच दोरीत ओवून गळ्यात घातलं. शाळेत मुलांनी तिचं नाव शिट्टीबाई ठेवलं. समोर "बाई" आणि पाठीमागे "शिट्टीबाई". तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

आमची भाषा साधी होती. एक छोटी फुंकर म्हणजे सुरू. दोन म्हणजे गोल झाला. एक लांब म्हणजे तास संपला. ही लांब फुंकर कोणालाच आवडायची नाही. "बाई, अजून दोनच मिनिटं!" असा ओरडा व्हायचा आणि बाई घड्याळ पाहण्याचं नाटक करून पाच मिनिटं द्यायच्या.

पण माझ्या बाईंचं खरं काम फुंकण्याचं नव्हतं, बघण्याचं होतं. कोण एकटं उभं आहे, कोणाला कोणी संघात घेत नाही, कालचे दोघं जिवलग आज एकमेकांकडे पाठ करून का बसलेत, हे त्या टिपत असत. "काय रे, मैदान पडेल म्हणून कोपऱ्याला टेकू देतोयस का?" असं म्हणत त्या त्या मुलाजवळ जात आणि त्याच्याबरोबर मैदानाला एक फेरी मारत. पहिली अर्धी फेरी मूल गप्प असे. उरलेल्या अर्ध्या फेरीत सगळं बाहेर येई. मी छातीवर लोंबकळत असल्याने मला ऐकू यायचं. ऐकलेलं मी कोणाला सांगितलं नाही आणि बाईंनीही वर्गात कधी त्याचा उच्चार केला नाही. ज्याला सांगायला हवं त्यालाच त्या जाऊन सांगत.

चौथीत एक मुलगी होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती पळायला लागली की थांबायची नाही. "अगं भिंगरे, रेघ संपली! पुढे कुंपण आहे!" बाई ओरडत. ती कुंपणाला हात लावूनच परत येई आणि धापा टाकत विचारी, "बाई, कुंपण मागे नेता येईल का?"

मग एका वर्षी वरच्या वर्गाचा अभ्यास मागे पडला. त्यांचा खेळाचा तास गणिताला दिला गेला. शिट्टीबाई मुख्याध्यापिकांकडे दोनदा जाऊन आल्या. मुख्याध्यापिकांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या म्हणाल्या, "परीक्षा झाली की बघू." त्या वाईट नव्हत्या, मित्रांनो. त्यांच्यामागे फार जणांचा तगादा होता.

त्याच वर्गात दोन मुलांचं भांडण शिजत होतं. फोनवर सुरू झालं, बाकापर्यंत आलं, मग धमक्यांपर्यंत गेलं. वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलांना ते माहीत होतं. मोठ्यांपैकी कोणालाच नव्हतं. आणि एका दुपारी, मधल्या सुट्टीत, पाण्याच्या नळांपाशी एकाने दप्तरातून चाकू काढला.

ते सगळं मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की किंकाळी ऐकताच शिट्टीबाई पळत सुटल्या आणि पळतानाच त्यांनी मला ओठांत धरून पूर्ण ताकदीने फुंकलं. तो मुलगा दचकला. त्याचा हात क्षणभर वर थांबला. तेवढ्यात फाटकावरचे काका मध्ये घुसले. काकांच्या तळहाताला टाके पडले. दुसऱ्या मुलाच्या खांद्यावर आणि कुशीत वार झाले होते. तो फार दिवस दवाखान्यात राहिला, पण वाचला.

"त्या शिट्टीने पोराचा जीव वाचवला," असं गावभर झालं. लोक मला हातात घेऊन पाहू लागले. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

काही दिवस बंद राहिलेली शाळा उघडली तेव्हा सगळं बदललं होतं. कुंपणाच्या जागी उंच भिंत आली. जिन्यात कॅमेरे बसले. फाटकावर दप्तरं उघडून बघू लागले. आईवडील सकाळी फाटकापाशी घोळक्याने थांबत, आत गेलेल्या मुलाची पाठ दिसेनाशी होईपर्यंत. रोज नवी अफवा येई आणि दुपारपर्यंत खोटी ठरे. यातलं काहीही मी हसण्यावारी नेणार नाही. ज्यांची मुलं असतात, त्यांना काहीतरी करावंच लागतं.

मग पोलीस खात्यातले एक साहेब धोक्याचा सराव घ्यायला आले. "वीज गेली तरी वाजेल असं काहीतरी हवं," ते म्हणाले आणि त्यांची नजर बाईंच्या गळ्याकडे गेली. "हीच ती ना? मग हीच."

सगळ्यांना ते पटलं. जिने वाचवलं तिचाच मान. ठरलं असं: माझी लांब शिट्टी झाली की दिवे बंद, दार बंद, मुलांनी बाकाखाली जायचं, तोंडातून आवाज काढायचा नाही. दर आठवड्याला सराव झाला. मी वाजे आणि सगळी शाळा श्वास रोखून धरी. पहिलीतली मुलं बाकाखाली एकमेकांचे हात धरून बसत. रिकाम्या जिन्यातून माझाच आवाज माझ्याकडे परत येई.

काही आठवड्यांनी, त्या दुपारपासून थांबलेला लहान मुलांचा खेळाचा तास पुन्हा सुरू केला. खेळ रंगला. भिंगरीने चेंडू जाळ्यात मारला. बाईंनी आनंदाने मला फुंकलं, नेहमीसारखं दोनदा.

मैदानावरची मुलं जागच्या जागी खाली पडली. कोणी पालथी, कोणी डोक्यावर हात घेऊन. एकही रडलं नाही, कारण आवाज काढायचा नाही हे त्यांना पाठ होतं. भिंगरी मात्र नव्हतीच. तिला शोधताना सगळ्यांनी वर्ग आणि जिने पालथे घातले. शेवटी सामानाच्या खोलीत, गुंडाळलेल्या चटयांच्या मागे सापडली. ती बाहेर येईना. "बाई, तो गेला का?" एवढंच विचारत राहिली.

त्या संध्याकाळी फाटकापाशी मोठा आरडाओरडा झाला. सर्वांचा निष्कर्ष एकच निघाला: मुलांना मोकळ्यावर भीती वाटते. मैदान आणि मी, त्या वेळी दोघंही तिथे होतो. दोष मैदानावर गेला. खेळाचा तास बंद झाला, "तूर्तास". मला मोठ्या बाईंच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, शिक्क्याच्या डबीशेजारी. सरावापुरतं बाहेर काढत. मैदानावर गवत वाढलं. बैठका झाल्या. तास कायमचा बंद करायचा की पुन्हा सुरू करायचा, हा विषय दर वेळी शेवटी निघे आणि दर वेळी मोठ्या बाई म्हणत, "पुढच्या बैठकीत ठरवू."

परवाच्या बैठकीत मी ड्रॉवरमधून ऐकत होते.

कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार, ज्यांची दोन मुलं शाळेत आहेत, म्हणाले, "ठरवायचं काय त्यात? मैदानावर शेड बांधा. पोरं वर्गातच बरी. डोळ्यासमोर असतात."

"माझाही डोळ्यासमोरच होता," एक हळू आवाज आला. जखमी मुलाची आई बोलत होती. "वर्गात, पहिल्या बाकावर. मारणाराही त्याच वर्गातला होता. भिंत कितीही उंच करा, भाऊ, तो भिंतीवरून नाही आला."

मग शिट्टीबाई म्हणाल्या, "मुलं बाकावर बोलत नाहीत. मैदानावर बोलतात. त्या वर्गाचा तास असता तर मला काहीतरी कळलं असतं. सगळं नसतं कळलं. काहीतरी."

"अहो, पण बाई, मुलंच घाबरतात ना मैदानाला!" दुकानदार म्हणाले. "त्या दिवशी पाहिलंत की तुम्ही!"

तेव्हा भिंगरीचे वडील खाकरले. ते बेकरीत भट्टीवर काम करतात आणि बैठकीत कधी बोलत नाहीत. "एक सांगू का? हसू नका. आमची भिंगरी... घरात कुकरची शिट्टी झाली की टेबलाखाली जाते. आम्ही महिनाभर कुकर लावलाच नाही. आमची ही सगळं पातेल्यातच शिजवते. शेजारचा कुकर वाजला तरी पोर आत पळते."

कोणी हसलं नाही. नर्स असलेली एक आई म्हणाली, "माझा धाकटा बाथरूममध्ये जाऊन कडी लावतो. मला वाटलं, आमच्याच घरात असं होतंय."

"तुमच्याकडेही?"

"आमचा चौकातून जात नाही, वाहतुकीचा पोलीस शिट्टी मारतो म्हणून. मी त्याला भित्रा म्हटलं," आणखी कोणी म्हणालं.

मग दुकानदार पुटपुटले, "आमच्या सौभाग्यवतीने कुकर माळ्यावर टाकलाय. मला म्हणाली, रबर खराब झालंय."

शिट्टीबाईंनी सावकाश म्हटलं, "घरात मैदान नसतं."

त्या तीन शब्दांनी सगळं उलगडलं. मुलं मैदानाला घाबरत नव्हती. मला घाबरत होती. आवाज म्हणजे हवेचा कंप. त्यात भीती नसते आणि आनंदही नसतो. ते कान शिकतात. वर्षानुवर्षं त्यांनी माझ्याकडून आनंद शिकला होता आणि चार-पाच सरावांत भीती शिकले. मला मान देताना हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

मित्रांनो, तुम्हाला माझं एकच मागणं आहे. कशाची भीती वाटते ते घरी सांगा. कुकरची वाटत असेल तर कुकरची म्हणून सांगा. आपल्याला हसतील असं वाटलं तरी सांगा. आणि दोघांचं भांडण शिजताना दिसलं तर एखाद्या मोठ्या माणसाला गाठून तेही सांगा. ती चुगली नाही. ज्याला मारणार त्याच्यासाठी ते आहे, आणि जो मारणार त्याच्यासाठीही. मोठ्यांना मी काय सांगणार? त्यांनी मुलांबरोबर अर्धी फेरी गप्प राहून चालावं, एवढंच.

"आमच्या दवाखान्यात आगीची घंटा वेगळी आणि बोलावण्याची वेगळी असते," नर्स म्हणाली. "धोक्यासाठी हाताने फिरवायचा भोंगा आणा. सराव घ्या, पण आधी मुलांना सांगून घ्या. शिट्टी खेळालाच राहू दे."

"हे ठीक आहे," दुकानदार म्हणाले. आता त्यांचा आवाज चढा नव्हता. "पण मोठ्या बाई, खरं विचारतो. मैदान उघडलं आणि उद्या परत काही झालं, तर आम्ही कोणाला धरायचं?"

इतक्या बैठका या एका प्रश्नाने अडवून धरल्या होत्या. खुर्ची सरकली. ड्रॉवर उघडला आणि उजेड आत आला. मोठ्या बाईंच्या थंड बोटांनी मला उचललं. त्यांनी मला टेबलावरून पुढे केलं आणि शिट्टीबाईंच्या हातात दिलं.

"मला धरा," त्या म्हणाल्या. "उद्यापासून खेळाचा तास सुरू. सगळ्या वर्गांचा."